चैत्रांगण : लहान रेषांचे मोठे शिक्षण

चैत्र जवळ आला की आपल्या मंडळातील भगिनींची लगबग सुरू होते. कैऱ्या आणावयाच्या, हरभरे भिजत घालावयाचे, गौरीचा पितळी पाळणा माळ्यावरून उतरवून चिंचेने घासून लख्ख करावयाचा, अशी एक ना दोन, शंभर कामे निघतात. चैत्र शुद्ध तृतीयेस गौर पाळण्यात बसते आणि अक्षय्य तृतीयेपर्यंत, म्हणजे महिनाभर, माहेरचे कौतुक घेते. पन्हे, वाटली डाळ, हळदीकुंकू यांत अजून तरी खंड पडलेला नाही. मात्र या सोहळ्याचे एक अंग दिवसेंदिवस मागे पडत चालले आहे. आणि ते म्हणजे गौरीपुढे काढावयाचे चैत्रांगण. या पाठात त्याच्या निमित्ताने हातांनी केलेल्या लहान लहान चित्रांचा व वस्तूंचा विचार आम्ही सभासद-कुटुंबांपुढे ठेवीत आहोत.

प्रारंभीच एक कबुली दिलेली बरी. काही वर्षांपूर्वी चैत्रातील हळदीकुंकवाच्या दिवशी वेळ अपुरा पडतो म्हणून आम्हीच मंदिराच्या सभामंडपात छापील चैत्रांगणाचा एक प्लास्टिकचा ताव आणून अंथरला होता. त्यात उणे काहीच नव्हते. शंख रेखीव होता, मोर डौलदार होता, सूर्यचंद्र अगदी वाटोळे होते. परंतु संध्याकाळपर्यंत शेकडो भगिनी आल्या आणि गेल्या, त्यांतील एकही त्या तावापुढे थबकली नाही. रात्री आम्ही तो पुसून, गुंडाळून कपाटात ठेवला, तेव्हा मनात आले की, आज गौरीपुढे आपण चित्र ठेवले खरे. पण काढले नाही. या 'ठेवणे' आणि 'काढणे' यांमध्ये जे अंतर आहे, तेच या पाठाचे सूत्र होय.

चैत्रांगणात काय असते

आजच्या तरुण मुलींपैकी कित्येकींनी पूर्ण चैत्रांगण पाहिलेलेही नसेल. म्हणून थोडे वर्णन करतो. अंगण झाडून, सारवून, गेरूने रंगवून घ्यावयाचे आणि त्यावर पांढऱ्या रांगोळीने काढावयाचे. वरच्या बाजूस मखरात किंवा पाळण्यात बसलेली गौर आणि तिची सखी. दोहों बाजूंस सूर्य व चंद्र. मग शंख, चक्र, गदा, पद्म, त्रिशूळ आणि डमरू, गणपती, सरस्वती, तुळशीवृंदावन, गोपद्मे, स्वस्तिक, ज्ञानकमळ. गाय, हत्ती, मोर, नाग, कासव. त्याचप्रमाणे घरातल्या वस्तू : समई, कलश, पंचपाळे, फणी, आरसा, मंगळसूत्र, ओटीचे ताट, आंबा, नारळ, केळ. या आकृती एक्कावन्न असाव्यात असे कोणी सांगतात, कोणी चौसष्ट सांगतात. आणि घराघराचा परिपाठ निराळा असतो.

या यादीकडे जरा लक्षपूर्वक पाहावे. जेथे विष्णूचे चक्र आहे तेथेच केस विंचरण्याची फणी आहे. आकाशातला सूर्य आहे आणि स्वयंपाकघरातला नारळही आहे. देवाचे आणि संसाराचे असे दोन कप्पे आपल्या आज्या-पणज्यांनी केले नाहीत. जे जे डोळ्यांपुढे होते आणि प्रिय होते, ते सर्व त्यांनी वीतभर, बोटभर आकाराचे करून गौरीपुढे मांडले. चार हात जागेत अवघे विश्व आले! लहान चित्राचे सामर्थ्य हेच आहे. ते पाहणाऱ्याला दिपवीत नाही. ते त्याला खाली वाकावयास, जवळ यावयास लावते.

चित्र काढणे ही आपल्याकडे केवळ करमणूक मानलेली नाही. वात्स्यायनाने दिलेल्या चौसष्ट कलांच्या गणनेत आलेख्य, म्हणजे चित्रकला, अगदी आरंभी येते. आणि तिच्या पाठोपाठ तांदूळ व फुले यांनी पूजास्थानी आकृती रचण्याच्या कलेला स्वतंत्र स्थान दिलेले आहे. माळा गुंफणे, शिवणकाम याही कला त्याच पंक्तीत आहेत. ज्या कामाला आज आपण 'बायकांचा फावल्या वेळचा उद्योग' म्हणून बाजूस सारतो, त्याला शास्त्रकारांनी गायन-वादनाच्या पंक्तीस बसविले होते, हे विसरून चालणार नाही.

रेघ कशी पडते

आता थोडे प्रत्यक्ष कृतीविषयी. रांगोळी अनेक प्रकारची असते. शिरगोळे कुटून केलेली रांगोळी जड व खरखरीत असते. ती बोटांतून सरळ खाली पडते, म्हणून शिकणाऱ्याने तीच घ्यावी. कोकणात व गोव्याकडे भाताची तुसे जाळून केलेली रांगोळी वापरीत. ती हलकी आणि मऊ, वाऱ्याने उडणारी. तिला सरावाचा हात लागतो. तांदळाचे पीठ घेतले तर रेघ पडते आणि मुंग्यांचे भोजनही होते. कोणतीही घ्या, ती कोरडी व चाळलेली असावी. दमट रांगोळी बोटांना चिकटते, गाठी पडतात, आणि दोष मात्र नवशिकी आपल्या हाताला देते.

रांगोळी अंगठा व तर्जनी यांच्या चिमटीत धरावी. हात जमिनीपासून दोन-तीन बोटे वर असावा. अंगठा तर्जनीवर हलकेच घोळवीत राहिले की रांगोळी सुटत जाते. बोटे जितकी सैल, रेघ तितकी जाड. आणि हात जितका संथ व एकसारखा, रेघ तितकी सलग. येथे एक मौज अनुभवास येते. मन घाईत असले की रेघ तुटते. रागात असले की रेघ जाड पडते. दुसऱ्याच विचारात गेले की कासवाला पाचवा पाय फुटतो! मनाची जी स्थिती आपण जगापासून लपवू शकतो, ती रांगोळीपासून लपविता येत नाही. जपमाळ ओढीत असता मन बाजारात जाऊन परत आले तरी शेजाऱ्याला कळत नाही. परंतु रांगोळीत ते तत्काळ दिसते. म्हणून आम्ही म्हणतो की, ही रेघ मनाचा आरसा आहे.

आपल्या बेळगावात कानडी शेजारणींच्या दारी भल्या पहाटे जी रांगोळी पडते, ती पाहिली आहे ना? त्या ठिपक्यांना 'चुक्की' म्हणतात, आपण ठिपके म्हणतो. पण ठिपके मोजताना पुटपुटणारे ओठ दोन्हीकडे सारखेच. कागदाला उदबत्तीने समान अंतरावर भोके पाडून तो ठिपक्यांसाठी वापरण्याची युक्ती कोणी कोणाकडून घेतली, हे आता कोण सांगणार? हातांच्या विद्येला भाषेची सीमा नसते.

ज्यांना अंगण नाही, त्यांनी निराश होऊ नये. गेरूने रंगविलेला एक पाट पुरेसा आहे. गौरीपुढे तो पाट ठेवावा आणि त्यावर आपल्याला येतील तेवढ्याच आकृती काढाव्यात. एक्कावन्न जमत नसतील तर पाच काढाव्यात.

गोपद्मांचा हिशेब

'आमचा हात चांगला नाही', हे वाक्य आम्ही नेहमी ऐकतो. यावर आपल्या व्रतांमध्येच उत्तर आहे. गोपद्मांचे व्रत आपणांस ठाऊक असेल. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत देवापुढे किंवा तुळशीपुढे रोज तेहतीस गोपद्मे काढावयाची, असे पाच वर्षे करावयाचे. गोपद्म म्हणजे गाईच्या खुराची लहानशी आकृती. दोन अर्ध्या पाकळ्या शेजारी-शेजारी. त्याहून सोपे चित्र दुसरे नाही.

आता हिशेब करू. चातुर्मासाचे सुमारे 120 दिवस धरले, तर एका वर्षात 3,960 गोपद्मे होतात; पाच वर्षांत 19,800. जवळजवळ वीस हजार वेळा एकच लहान आकृती! पहिल्या आषाढात ज्या नववधूची बोटे थरथरत, तिचा हात पाचव्या कार्तिकात कसा झाला असेल, याची कल्पना करावी. व्रत सांगणाऱ्यांनी तिला 'चित्रकला शीक' असे सांगितले नाही. पुण्य सांगितले आणि हात मात्र आपोआप घडविला. 'चांगला हात' हे कोणाला जन्मतः मिळालेले देणे नव्हे; रोजच्या तेहतीस लहान कृत्यांची ती कमाई आहे.

हीच गोष्ट कापसाची. सरकी काढून, कापूस पिंजून, दुधाचे बोट लावून गेजवस्त्र करताना दोन मण्यांमधला पीळ सारखा आला पाहिजे. फुलवात वळताना तिचे बूड पसरट व टोक उभे राहिले पाहिजे, नाहीतर ती निरांजनात आडवी होते. बोटे घसरू नयेत म्हणून त्यांना चिमूटभर भस्म लावावे, हे कोणत्या पुस्तकात वाचावयास मिळते? लक्ष वातींचा नेम करणाऱ्या वृद्ध भगिनी दुपारच्या वेळी मंदिराच्या ओवरीत बसत, तेव्हा त्यांच्या तोंडी नाम असे, कानांवर पुराण असे आणि हात आपले काम करीत असत. त्यांच्या चेहऱ्यावरचे समाधान ज्यांनी पाहिले आहे, त्यांना आनंद म्हणजे काय हे निराळे समजावून सांगावे लागणार नाही.

सावंतवाडीचा धडा

येथवर आपण घरातील कामांविषयी बोललो. आता एक उदाहरण कारागिरांचे घेऊ. कारण त्यात आपणां सर्वांना एक इशारा आहे.

बेळगावाहून आंबोलीचा घाट उतरला की सावंतवाडी लागते. तेथील लाकडी खेळणी आपण मुलांसाठी आणतो. परंतु तेथील गंजिफा किती जणांनी पाहिला आहे? गंजिफा म्हणजे हातांनी रंगविलेल्या पानांचा खेळ. तो इराणकडून मोगलांबरोबर आपल्या देशात आला. बाबराने आपल्या आठवणींत 1527 साली सिंधमध्ये गंजिफा पाठविल्याचा उल्लेख केला आहे. पण आपल्या लोकांनी त्या परक्या खेळाला आपले रूप दिले आणि त्यातून दशावतारी गंजिफा निघाला. त्याची पाने 120. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगाची बारा पाने : एक राजा, एक वजीर आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा. मत्स्यावताराच्या पानांवर मासे, कूर्माच्या पानांवर कासवे, परशुरामाच्या पानांवर परशू, असा क्रम. म्हणजे खेळता खेळता अवतारांची उजळणी!

ही पाने वाटोळी आणि तळहातात मावतील एवढी लहान. कापडाचे वा कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवावयाचे, पांढरा लेप देऊन घोटून गुळगुळीत करावयाचे, मग रंगवावयाचे आणि शेवटी लाखेचा हात द्यावयाचा. त्या इवल्याशा वर्तुळात सिंहासनावर बसलेला अवतार, त्याची महिरप आणि त्याचे सेवक हे सर्व मावले पाहिजे. आणि असे एक नव्हे, 120 वेळा.

पुढे छापील पत्ते आले. ते स्वस्त होते. गंजिफा खेळणारे उरले नाहीत, म्हणून करणारे उरले नाहीत. अशी वेळ आली की सावंतवाडीत हे काम जाणणारे हात बोटांवर मोजण्याइतकेच राहिले. तेव्हा, स्वातंत्र्यानंतरच्या काळात, संस्थानचे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी त्या कारागिरांकडे बसून ही कला स्वतः शिकून घेतली आणि राजवाड्यातच कार्यशाळा उभी करून नव्या मुलांना शिकविली. राजाने केवळ देणगी दिली असती, तर कदाचित काही जुने जोड काचेच्या कपाटात सुरक्षित राहिले असते. कला मात्र राहिली नसती. कुंचला स्वतः हाती धरला, म्हणून ती राहिली.

यातून घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. ग्रंथातील विद्या शंभर वर्षे पोथीत झोपून पुन्हा जागी होऊ शकते. हातातील विद्येचे तसे नाही. ती एका हातातून दुसऱ्या हातात जाते. मधला एक हात सुटला की साखळी तुटते, आणि तुटल्याचा आवाजही होत नाही.

सात पावले

हे आम्हांस कळले ते आपल्याच सभामंडपात. छापील तावाची चूक उमगल्यावर दुसऱ्या वर्षी आम्ही ठरविले की, जसे येईल तसे, पण हातांनीच काढावयाचे. आठ-दहा मुली व त्यांच्या आया सकाळीच जमल्या. कासवाचा भोपळा झाला, हत्तीला सोंड कोणती आणि शेपूट कोणते हे विचारावे लागले. हसून हसून सर्वांची पुरेवाट झाली. गंमत अशी की, त्या दिवशी येणारी प्रत्येक भगिनी चैत्रांगणापुढे थांबली. 'आमच्याकडे तुळस अशी काढतात', 'अगं, फणी राहिली की!' असे म्हणत कित्येकींनी पदर खोचला आणि स्वतःची एक आकृती काढूनच त्या दर्शनास गेल्या.

मंडळातील एक वयोवृद्ध आजी खुर्चीवर बसून हे सर्व पाहात होत्या. हात कापत असल्यामुळे त्यांनी पुष्कळ वर्षांत रांगोळी हातात घेतली नव्हती. त्या एका दहा वर्षांच्या मुलीला हाक मारून म्हणाल्या, 'बाळ, पावले राहिली. आमच्या आईकडे दारापासून पाळण्यापर्यंत सात पावले असत. मूठ मिटून तिची कड ओल्या पिठात बुडव आणि टेकव. मग बोटांनी पाच ठिपके दे.' मुलीने तसे केले. सातवे पाऊल झाल्यावर तिने विचारले, 'आजी, परत जाण्याची पावले कुठून काढू?' आजी हसल्या. 'ती काढायची नसतात गं. लेक माहेरी आली त्या दिवशी तिच्या जाण्याची वाट कोणी आखतं का?'

क्षणभर मंडपात कोणी काही बोलले नाही. ज्या भगिनींच्या लेकी दूर दिल्या आहेत, त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

पुढच्या चैत्रापर्यंत त्या आजी राहिल्या नाहीत. त्यांच्या माहेरच्या त्या रीतीविषयी आम्हांस दुसऱ्या कोणाकडून कधी ऐकावयास मिळाले नव्हते. त्या दिवशी ती मुलगी शेजारी नसती तर ती रीत आजींबरोबरच गेली असती. आता दरवर्षी ती मुलगी सात पावले काढते आणि लहान मुलींना कारणही सांगते. एका सकाळच्या दहा मिनिटांत साखळीचा एक दुवा जोडला गेला. आम्ही तो ताव पुन्हा अंथरला असता, तर?

आनंद कोठून येतो

कोणी विचारील, बाजारात सर्व तयार मिळत असता हा खटाटोप कशासाठी? रात्री केरसुणीने पुसून टाकावयाच्या चित्रासाठी कंबर का मोडावी?

आमचे उत्तर असे की, ते पुसले जाते यातच त्याचे मर्म आहे. पार्थिव पूजेत आपण मातीची मूर्ती स्वतः घडवितो, तिच्यात देवतेचे आवाहन करतो आणि पूजेनंतर विसर्जन करतो. रांगोळी ही तशीच आहे. ती साठविता येत नाही, म्हणून तिचा लोभ जडत नाही. विकावयाची नसते, म्हणून भाव ठरत नाही. देवापुढे असते, म्हणून शेजारणीच्या रांगोळीशी तिची स्पर्धा नसते; वाकड्या शंखाला गौर नावे ठेवीत नाही. फळाची आशा सोडून कर्म करावे, हे तत्त्व आपण प्रवचनांतून वारंवार ऐकतो. ते अनुभवण्याची संधी मात्र दारापुढच्या चार हात जमिनीवर रोज वाट पाहात असते. काम संपल्यावर हाती काही उरत नाही. मन मात्र धुतल्यासारखे होते. या कामाचा आनंद तो हाच.

तथापि एका दोषापासून सावध राहिले पाहिजे. हौसेचे रूपांतर ओझ्यात होऊ नये. घरातील एकटीने एक्कावन्न आकृती काढाव्यात आणि इतरांनी चहा पीत त्यांतील चुका दाखवाव्यात, हा धर्म नव्हे. पुरुषांनी व मुलांनीही गेरू लावावा, कापूस पिंजावा, एखादा सूर्य काढावा. लहान मुलाने काढलेले वाकडे स्वस्तिक कोणी 'नीट' करू नये. त्याची दिशा तेवढी प्रेमाने समजावून सांगावी आणि त्याचे ते चित्र तसेच राहू द्यावे.

आचरणासाठी

येत्या चैत्रात प्रत्येक सभासद-कुटुंबाने पुढील गोष्टी कराव्यात, अशी आमची विनंती आहे.

1. गौर बसेल त्या दिवशी पाटावर वा अंगणात निदान पाच आकृती हातांनी काढाव्यात. त्यांपैकी एक घरातील सर्वांत लहान व्यक्तीने काढावी.

2. घरातील वा शेजारच्या एखाद्या वृद्ध भगिनीजवळ बसून त्यांच्या माहेरची एक आकृती शिकून घ्यावी. केवळ वहीत उतरवू नये. त्यांच्यासमोर काढून दाखवावी.

3. देवापुढील रोजची फुलवात आठवड्यातून एक दिवस तरी घरी वळलेली असावी.

मननासाठी प्रश्न

चैत्रांगणात चक्राशेजारी फणी का असते? आपल्या घरी कोणते हातकाम एका पिढीपूर्वी होते आणि आज नाही? ते जाणणारी व्यक्ती आज हयात आहे काय? असल्यास आपण तिच्याजवळ शेवटचे केव्हा बसलो?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देण्यास ज्यांना संकोच वाटेल, त्यांनी हा अंक मिटून ठेवावा आणि आजच संध्याकाळी जाऊन यावे. रांगोळीचा डबा बरोबर न्यावा.